हाकेला ओ

नाही वं, पत्रिका चांगलीच आहे, मी कुठं वाईट म्हणलं — गणपती नाही छापला हे तं मले लिफाफा उघडायच्या आधीच माहीत होतं, तुह्या लग्नाच्या पत्रिकेत तो कसा येईन — पण कागद चांगला आहे, आन् नुसतं 'प्राची आणि पियूष' लिहिलं, चिरंजीव नाही, सौभाग्यकांक्षिणी नाही, वाचणाऱ्याले सोपं. पियूष. चांगलं नाव आहे. ठेव तिथं टेबलावर — नाही, तिथं नको, तिथं अनिकेतचा फोटो आहे — म्हणजे ठेवली तरी तो काय म्हणणार आहे, पण इकडे दे, माह्या हातात दे. आन् तू अशी खुर्चीच्या टोकावर कायले बसली, मागं सरकून बस नं. शेंगा घे. तुरीच्या आहेत, सकाळीच उकडल्या मीठ टाकून. काका आत पडले आहेत, त्याईले मी उठवत नाही, तुले पाह्यलं की त्याईचं बीपी वाढते — राग नाही वं, राग कायचा — पाह्यलं की वाढते, एवढंच आहे.

तं काय म्हणत होती तू, मी तुह्या लग्नात समोर उभं राहायचं. तुले आई नाही म्हणून आईच्या जागी मी, आन् दोन शब्द बोलायचे, आन् साक्षीदार म्हणून सही करायची. हाव, समजलं मले, एकदा सांगतलं की समजते. पण माहे गुडघे पाह्यले का तू? मारेगावपर्यंत बसमधी बसून जायचं म्हणजे पुढचे आठ दिवस पाय धरून बसा. आन् ह्याईले घरी एकटं कसं ठेवू, गोळी घेतली का नाही घेतली त्याईच्या ध्यानात राहत नाही. नाही, गाडी नको पाठवू. गाडीनंही दुखतातच गुडघे. लग्न कर तू, चांगलं कर, मीच सांगतलं होतं नं तुले, याच खुर्चीवर बसून सांगतलं, का पोरी आता तुहं तू पाह्य, किती दिवस अशी राहशीन. विधवा म्हणावं तं तुहं लग्न झालं नाही, पोर म्हणावं तं तुह्या डोळ्यात पोरीचं काही राह्यलं नाही. आन् मी तुही कोण? याले काही नाव आहे का? तुमच्या त्या बिनदेवाच्या लग्नात सगळं ठरवलं तुम्ही, कोण कुठं उभं राहीन, कोण काय वाचन, पण लग्नाच्या आधी पोरगा मेला तं त्याची आई त्या पोरीची कोण लागते, हे काही ठरवलं नव्हतं. आमच्या जुन्या रीतीतही नाही म्हणा. तिथंही कोणीच लागत नाही. काकूच म्हण. आई म्हणायचं लग्नाच्या दिवसापासून ठरलं होतं, तो दिवस आलाच नाही. ही बाजूची जैबुनबी, तिनं गेल्या महिन्यात इचारलं मले, "तुम्हारी बहू आजकल आती नै क्या?" मी म्हणलं, नोकरी आहे नं तिले मारेगावच्या शाळेत, सुट्टी कुठं भेटते. दुसरं काय म्हणू? तिच्या डोक्यात तू कवाचीच बहू आहे, अनिकेत होता तवापासून.

ते काहून हे माहीत आहे का तुले? नाही माहीत. तुले कसं माहीत असन, तू कुठं होती इथं.

अवो, किती भांडली होती मी त्याच्याशी. तुले त्यानं सगळं नसन सांगतलं. तो म्हणे, आई, माह्यासंगं शिकवणारी एक पोरगी आहे, गणित शिकवते. मी इचारलं कोणाची, तं आपल्यातलीच निघाली. पत्रिका काढली मी चोरून — हाव, काढली, आता कायचं लपवायचं — तं पत्रिका जुळली. घर चांगलं. मी बाई खुशीत, आता कोणाले आधी सांगू आन् कोणाले मागून, असं झालं मले. तं हा मुलगा समोर बसून म्हणते का, भटजी नाही. म्हणलं, अरे, पळून जायचं असतं, जात येगळी असती, तं मी समजली असती. सगळं जुळून राह्यलं, मंग भटजीनं तुहं काय घोडं मारलं? तो हसे. म्हणे, आई, ज्याले मी मानत नाही त्याच्या नावानं शपथ कशी घेऊ, ते खोटं होईन. आन् प्राचीही मानत नाही. दोघं खोटं बोलून संसार सुरू करायचा का? मी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं जेवली, कारण याईले दोघा बापलेकाले माह्या उपासाचं काही पडलं नव्हतं. हे तहसिलीत आयुष्यभर कागदं पाहून रिटायर झाले, हे म्हणे, कायद्यात बसते ते, तू कायले जीव जाळते. कायद्यात बसते. माह्या मनात बसत नव्हतं नं. म्हणलं, होम नाही, अक्षता नाही, मंगलाष्टक नाही, आंतरपाट नाही, तं मंग एवढे लोक हॉलमधी येऊन करतीन काय, जेवतीन आन् जातीन? तं तो म्हणे, ऐकतीन. म्हणलं, काय ऐकतीन? म्हणे, हाक ऐकतीन.

तवा पहिल्यांदा सांगतलं त्यानं मले ते. तुम्हा दोघाईनं मिळून ठरवलं होतं म्हणे — तुहंच डोकं असन ते, त्याले एवढं सुचत नव्हतं. का हॉलच्या एका टोकाले नवरी, दुसऱ्या टोकाले नवरा, आन् मधात सगळे लोक. नवरीनं नवऱ्याले नावानं हाक मारायची, मोठ्यानं, सगळ्याईले ऐकू जाईन अशी. नवऱ्यानं तिथून ओ द्यायचा. मंग त्यानं हाक मारायची, तिनं ओ द्यायचा. आन् लोकाईच्या मधातून चालत येऊन एकमेकाजोळ उभं राहायचं, आन् एकच वचन — तू हाक मारशीन तवा मी ओ देईन. बस. झालं लग्न. मी म्हणलं, सात वचनं असतात रे बाप्पा. तं म्हणे, सात कोणाले पाठ आहेत, बाबाले इचार त्याईनं तुले कोणते सात देल्ले. इचारलं. हे पेपरात तोंड घालून बसले.

आन् मले लाज वाटे वं. खरं सांगते, देवाचं राहू दे बाजूले, मले लाज त्या हाकेची वाटे. भरल्या हॉलमधी सुनेनं माह्या पोराले 'अनिकेत' म्हणून वरडायचं, समोर सासरे बसले, गावातले म्हातारे बसले. आम्ही कधी हाक मारली का? उखाण्यात घेतलं असन नाव, ते वेगळं, ते नाव घेणं असते, हाक नाही. हाक म्हणजे 'अवो', आन् 'अवो'नं नाही ऐकलं तं 'अनिकेतचे बाबा'. सगळा जन्म गेला असा. अनिकेतनं एकदा इथंच धरून उभं केलं मले, म्हणे, बाबा आत आहेत, मार हाक नावानं. मी तोंड उघडलं आन् नुसती हसतच बसली, माह्या तोंडून निघेच ना. तो म्हणे, पाह्य, किती सोपं आहे आन् तुले येत नाही. म्हणलं, नाही येत बा, मले नको शिकवू.

मंग तालीम सुरू झाली त्याची. हाव, तालीम. तू तिकडे मारेगावले खोली करून राहे, तो इथून जाणं-येणं करे, मंग तालीम कोणासंगं करीन? माह्यासंगं. मी इथं स्वयंपाकघरात कणीक तिंबत असे आन् हा मागं जाऊन सीताफळाच्या झाडाखाली उभा राहे आन् तिथून वरडे — "प्राचीऽऽ". पहिल्या दिवशी मी म्हणलं, काय आहे, इथं प्राची नाही. तं धावत आत आला. म्हणे, आई, तू प्राची हो नं थोडा वेळ. ओ दे. मी देल्ला. म्हणे, असा नाही, पुटपुटल्यासारखा नाही, मोठ्यानं, का मले तिथं समजलं पाहिजे का तू आहे. मंग रोजचंच झालं. शाळेतून आला का गेटपासूनच "प्राचीऽऽ", आन् मी आतून "ओ". भाजी फोडणीले टाकून राह्यली असो का न्हाणीघरात असो, हाक आली का माह्या तोंडून ओ आपोआप निघे. म्हणून जैबुनबीले वाटलं का सून आली घरात. एक दिवस आली पाहाले, डब्यात शिरखुर्मा घेऊन, म्हणे बहू दिखाव. आम्ही मायलेक इतके हसलो, तिले सांगता सांगता माही पुरेवाट झाली.

तुह्यावरचा माहा राग असा गेला, तुले माहीतही नाही. तू या घरात येऊन चहा पेऊन जाये, तवा मी गप्पच राहो, तुले वाटत असन काकू फुगून आहे. पण तुह्या नावानं दिवसातून दहादा ओ देणाऱ्या बाईले तुहा राग कसा येईन, सांग बरं. मी तं मनात हॉलही पाहून ठेवला होता. कुठं उभं राहायचं ते. म्हणलं मधातच उभी राहीन, म्हणजे इकडचीही हाक ऐकू येईन आन् तिकडचाही ओ ऐकू येईन.

दिवाळीनंतरचं ठरलं होतं. आन् पोळ्याले ताप आला. साधाच, सगळ्या गल्लीत होता तो ताप, जैबुनबीच्या पोराले, आसिमलेही होता, तो उठून कामाले लागला पाचव्या दिवशी. अनिकेतच्या प्लेटलेट उतरल्या. नागपूरले नेलं. तू तं होतीच, तुले काय सांगू, तू आमच्या आधी पोहोचली होती दवाखान्यात. आयसीयूच्या बाहेर त्या लोखंडी बेंचवर बसून होती तू. एकच नातेवाईक आत, असा नियम. तुले इचारलं, कोण तुम्ही? तू म्हणली, लग्न होणार आहे आमचं. ते म्हणले, होणार आहे ना, झालं नाही ना. मी म्हणलं होतं त्याईले, हिले जाऊ द्या थोडा वेळ, मी बाहेर बसते. म्हणलं होतं मी. तुह्यासमोरच म्हणलं. नियम म्हणजे नियम.

तेरवी केली नाही त्याची. पिंड नाही, कावळा नाही, काही नाही. लोक बोलले. माहे भाऊ नागोराव तं घरातून उठून गेले, म्हणे पोराचा आत्मा भटकत ठेवता काय. हे म्हणले, भटजीविना लग्न करणार होता त्याले भटजी बोलावून कायले पोहोचवायचं, ते खोटं होईन. पोराचेच शब्द बोलले. मीही म्हणलं, कावळ्याले बोलावून इचारायची गरज नाही, त्याची काही इच्छा राह्यली नव्हती, त्याचं सगळं पुरं —

काही नाही. असंच म्हणलं. आई म्हणतेच असं. शेंगा घे नं तू, तशाच थंड होऊन राह्यल्या. मीठ कमी झालं का? —

कायले इचारते? तुले सांगतलं होतं नं मी, झोपेतच गेला. सगळ्याईले तेच सांगतलं. झोपेतच होता तो, खोटं नाही ते, डोळे बंदच होते. आता इतकं पाहू नको माह्याकडे. लग्न आहे तुहं पुढच्या आठवड्यात, कोणी अशा वेळेस हे इचारते का? — हात सोड माहा.

हाक मारली वं त्यानं.

डोळे बंद, ओठ फाटलेले, आन् आवाज किती — असा, नखभर. पण सूर तोच. झाडाखालचा. 'प्राची'. शेवटचं अक्षर असं लांबवत. मी नर्सले म्हणलं, बाई, तिले बोलाव, बाहेर बसली आहे, दोन दारं आहेत मधात फक्त, तिले बोलाव. ती म्हणे, कोण आहे ती? म्हणलं, जिचं नाव घेऊन राह्यला तीच. ती म्हणे, काकू, डॉक्टर येतीन, इचारते. मी त्याचा हात सोडला असता तं मीच आली असती बाहेर. पण हात त्यानं धरलेला होता, मी नाही, कसा सोडू? तवा मले वाटलं ह्याईले हाक मारावी, हे दारात असतीन, हे तुले आणतीन. आन् 'अवो' म्हणून तिथं कोण ऐकणार, सगळ्याच बाया 'अवो' म्हणतात. मंग मी वरडली. "श्रीकृष्णा". मले येत नव्हतं नं? आलं. जितका जीव होता तितका लावून आलं. तं ती नर्स माह्या पाठीवर हात ठेवते आन् म्हणते, हाव काकू, घ्या, देवाचं नाव घ्या, बरं वाटते. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीनं हात जोडले. सगळ्याईले वाटलं मी देवाले बोलावून राह्यली. मी माह्या नवऱ्याले बोलावून राह्यली होती वं. आन् तोच आला. उशिरा आला, खाली औषधं आणाले गेलता, जिन्यात माहा आवाज ऐकला त्यानं, ओळखलाही नाही पहिले, त्यानं कधी ऐकलंच नव्हतं माह्या तोंडून आपलं नाव — पण आला, धावत आला, चप्पल एका पायात. तो दुसरा श्रीकृष्ण, ज्याच्यासाठी मी जन्मभर एकादशा-गोकुळाष्टम्या केल्या, तो नाही आला. त्यानंतर मी देवघराले हात लावला नाही. अनिकेतनं इतकं समजावलं तवा समजलं नाही मले, आन् तिथं एका मिनिटात समजलं. असं समजण्यापेक्षा न समजता मेली असती तं बरं झालं असतं.

हे येईपर्यंत अनिकेतनं दुसऱ्यांदा हाक मारली होती.

मी ओ देल्ला.

मोठ्यानं देल्ला, त्यानं शिकवला होता तसा, का त्याले तिथं समजलं पाहिजे का तू आहे. त्याले समजलं. हाताची पकड ढिली झाली त्याची, कपाळावरची आठी गेली, मी पाह्यलं. मंग काही म्हणला नाही तो. ह्याईनं तुले आत आणलं तवा तो गेलेला होता.

तो ओ तुहा होता. तुहा होता तो, मले माहीत आहे. पण कोणीतरी द्यायले पाहिजे होता नं? त्यानं मारलेली हाक तशीच लोंबत राहू देऊ का मी? मी त्याले फसवलं असं म्हणशीन तं म्हण. रोज तालमीत मीच तं तू होती. हे कोणालेच सांगतलं नाही मी, ह्याईलेही नाही. तुले कसं सांगू — का तुले हाक आली होती आन् तू दोन दारं ओलांडून पलीकडे बसली होती? ते घेऊन तू नांदली असती कुठं? आज निघून गेलं. तू येऊन हात धरला म्हणून निघून गेलं.

रडून घे. पाणी देऊ?

आन् ते जे तू मघाशी इचारत होती, मले ऐकू आलं होतं, मी मुद्दाम शेंगाचं काढलं — का हाक ठेवली तुम्ही तुमच्या लग्नात, तं मले चालन का. ठेवा. त्यानं काही ती आपल्या नावावर करून घेतली नव्हती. तुहंच डोकं होतं ते. पियूषले म्हण मोठ्यानं मार, हॉलमधी पंखे असतात, आवाज दबते. चांगला मुलगा असन तो. तू निवडला म्हणजे चांगलाच असन.

पण मी येत नाही. गुडघ्याचं खोटं आहे. ह्याईच्या गोळीचंही खोटं आहे, त्याईले सगळं ध्यानात राहते. तुहं सुख मले पाहावत नाही असंही नाही, शप्पथ — कोणाची घेऊ आता शप्पथ, तुहीच घेते. तू मले समोर उभी करशीन, सगळे लोक गप्प होतीन, आन् त्या टोकावरून तो पोरगा हाक मारीन, "प्राची". आन् माह्या तोंडून निघन वं. तुह्या आधी निघन. मी दात दाबून बसली तरी निघन. म्हणून नाही येत मी.

ऊठ आता. तुही बस चुकन. गेटची कडी लावून जा, कुत्रे शिरतात.